एकाच रस्त्यावरची दोन गवतं

जानेवारीत आमच्या रस्त्याने चालत गेलं, तर एका घरापुढचं लॉन हिरवंगार दिसतं आणि त्याला लागून असलेलं लॉन पेंढ्यासारखं पिवळं पडलेलं असतं. नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटतं, या दुसऱ्या घरच्यांचं लक्ष नाही. तोच माणूस जुलैच्या शेवटी पुन्हा तिथून गेला तर चित्र बरोबर उलटं झालेलं असतं. पिवळं होतं ते गालिच्यासारखं हिरवं, आणि हिरवं होतं ते जागोजागी तपकिरी, दमलेलं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅली आणि केरी या शहरांच्या आसपास बरीच मराठी कुटुंबं स्थायिक झाली आहेत. आमच्यातले बहुतेक जण फ्लॅटमध्ये वाढलेले. आयुष्यातलं पहिलं अंगण हातात येतं, मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, विकत घेतला जातो, आणि मग दर मार्चमध्ये तेच प्रश्न कानावर येतात. दर शनिवारी कापायचं का? किती बारीक? शेजारचा अगदी जमिनीलगत कापतो, आपण का नाही? प्रश्न साधे आहेत, पण या भागात त्यांचं एकच उत्तर देता येत नाही. कारण इथे शेजारी शेजारी दोन वेगळ्या ऋतूंची गवतं वाढतात, आणि एकाला जे मानवतं त्याने दुसरं मरू शकतं.

ना धड उत्तर, ना धड दक्षिण

अमेरिकेच्या उत्तर भागात लॉनसाठी थंडी आवडणारं गवत लावतात, दक्षिणेत ऊन आवडणारं. या दोहोंच्या मधे पूर्व-पश्चिम पसरलेला एक पट्टा आहे. मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, केंटकी, टेनेसी, मिसूरी, कॅन्ससचा मोठा भाग त्यात येतो. इंग्रजीत याला ‘ट्रान्झिशन झोन’ म्हणतात. आपण नुसतं ‘मधला पट्टा’ म्हणू.

या पट्ट्याची अडचण अशी की इथला उन्हाळा थंडीच्या गवताला सोसत नाही आणि हिवाळा उन्हाळी गवताला सोसत नाही. रॅलीत जुलैमध्ये दुपारचा पारा सरासरी ३२ अंश सेल्सियसच्या आसपास जातो, रात्रीही हवा दमट आणि उबदार राहते. जानेवारीच्या रात्री तो शून्याला टेकतो. म्हणजे दोन्ही गवतं इथे जगतात, पण दोघांनाही वर्षातले काही महिने परीक्षेचे असतात. अमेरिकेतल्या लॉनचा एकूण पसारा लक्षात घेतला तर हा विषय लहान नाही. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून २००५ साली केलेल्या एका अंदाजानुसार या देशात सुमारे १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर जमीन लॉनखाली आहे. महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडी जास्तच.

गहू आणि ऊस

शेतीशी थोडाफार संबंध असलेल्या मराठी माणसाला हा फरक समजणं अवघड नाही. फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, राय ही थंडीची गवतं गव्हाच्या जातकुळीची. बर्म्युडा, झॉयशिया, सेंटिपीड ही उन्हाळी गवतं ऊस, मका, बाजरीच्या वळणाची. गहू आपण रब्बीत घेतो, भर उन्हाळ्यात घेत नाही. ऊस मात्र उन्हातच फोफावतो. लॉनच्या गवताचंही तेच आहे.

असं का होतं, हे पानाच्या आत पाहिलं की कळतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड उचलून त्याची साखर बनवायची हे पानाचं काम. तो उचलायचं काम रुबिस्को नावाचं एक विकर (एन्झाइम) करतं. या रुबिस्कोत एक खोट आहे: ते कधीकधी कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन उचलतं. जितकी उष्णता जास्त, तितक्या या चुका जास्त. आणि प्रत्येक चूक निस्तरायला झाडाला कमावलेली ऊर्जा खर्च करावी लागते. सांडलेले तांदूळ वेचताना बोटांनी दाण्याऐवजी खडाच वेचला, तर तो परत शोधून काढावा लागतो, तसं.

उसाने यावर एक उपाय शोधला आहे. त्याच्या पानात बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड आधी पकडतात आणि आतल्या पेशींत गर्दी करून पोचवतात. रुबिस्को त्या आतल्या खोलीत बसलेलं असतं, त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडचीच गर्दी असते, त्यामुळे ऑक्सिजन उचलायची चूक फारशी होतच नाही. धान्य आधी चाळून मग निवडायला द्यावं, तशी ही सोय. ऑस्ट्रेलियातल्या हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये उसावरच काम करून ही वाट उलगडून दाखवली. चाळणीला मात्र जास्तीचं इंधन लागतं. ऊन भरपूर असेल तर ते परवडतं. हवा थंड असेल तर चाळणीचा उपयोग कमी आणि खर्च तेवढाच.

म्हणून थंडीच्या गवताची पाती साधारण १६ ते २४ अंशांत जोमाने वाढतात, उन्हाळी गवताची २७ ते ३५ अंशांत. जुलैच्या उबदार रात्री फेस्क्यूची स्थिती अशा घरासारखी होते, जिथे मिळकत घटली आहे आणि खर्च वाढला आहे. ते साठवणीवर दिवस काढत असतं. हे एवढं डोक्यात राहिलं, तर कापणीबद्दलचं पुढचं सगळं आपोआप पटत जातं.

ही तर हरळी!

माझे वडील पहिल्यांदा इकडे आले तेव्हा समोरच्या घरासमोर वाकून त्यांनी एक धुमारा उपटला, निरखला आणि म्हणाले, “अरे, ही तर हरळी! ही मुद्दाम लावतात?” त्यांचं बरोबर होतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, तीच गणपतीला वाहायची दूर्वा. इथल्या लॉनवर बऱ्याचदा तिच्या संकरित, बारीक पानांच्या जाती असतात, पण कूळ तेच. वडिलांनी सगळी उमर काळ्या रानातून ती काढण्यात घालवली होती. उन्हाळ्यात खोल नांगरट करून तिच्या काश्या उन्हात तापवायच्या, तरी एखादं पेर राहिलं की पावसाळ्यात पुन्हा हजर. जमिनीखालून आणि जमिनीवरून धावणारे तिचे धुमारे, पेरापेराला फुटणारी मुळं, हेच शेतकऱ्याचं दुखणं आणि हेच लॉनवाल्याचं भाग्य. तुडवलं, फाटलं तरी ती स्वतःच जागा भरून काढते.

फेस्क्यूचा स्वभाव वेगळा आहे. इथे सर्वाधिक दिसतो तो टॉल फेस्क्यू, मूळ युरोपातला. त्याची ‘केंटकी ३१’ ही प्रसिद्ध जात १९३१ मध्ये केंटकीतल्या एका डोंगरउतारावर सापडली आणि पुढच्या दशकात शेतकऱ्यांना मिळू लागली. हे गवत थोंबाथोंबाने वाढतं, फारसं पसरत नाही. एक थोंब मेलं की तिथे भोक पडतं आणि ते भरायला बी पेरावं लागतं.

आपल्याकडे कोणतं आहे, हे कळायला सर्वांत सोपी परीक्षा जानेवारीची: हिरवं असेल तर फेस्क्यू किंवा त्याचे भाऊबंद, पेंढ्याच्या रंगाचं असेल तर बर्म्युडा किंवा झॉयशिया. थंडीपर्यंत थांबायचं नसेल तर कडेला जा. ड्राइव्हवेवर लांब धुमारे धावत आले असतील तर बर्म्युडा. अनवाणी चालताना ताठ, टोचरं लागलं तर झॉयशिया. पानं रुंद, खरखरीत, त्यांवर लांबीच्या दिशेने उठून दिसणाऱ्या शिरा असतील तर टॉल फेस्क्यू. घर घेताना हे कुणी सांगत नाही, आणि मला वाटतं, छपराचं वय विचारतो तसं हेही विचारायला हवं.

पातं कापलं की मुळांचं काय होतं?

गवत कापलं तरी मरत नाही, कारण त्याचा वाढीचा डोळा टोकाला नसतो, जमिनीलगत असतो. नख जसं बुडातून पुढे सरकतं, तसं पातं खालून वर ढकललं जातं. चरणाऱ्या जनावरांच्या सहवासात घडलेली ही सोय. पण सोसतं म्हणून कितीही कापावं असं नाही. पातं ही चूल आहे. तिच्यावर शिजलेलं अन्न मुळांना जातं. चूलच लहान केली की मुळं उपाशी राहतात, आणि झाड आधी नवं पातं काढण्यामागे लागतं.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये गवतांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका कापणीत निम्मा किंवा त्याहून जास्त पाला काढला की मुळांची वाढ थांबते, आणि जितका जास्त पाला जाईल तितके जास्त दिवस ती थांबून राहते, असं त्यांत दिसलं. म्हणून जगभर सांगितला जाणारा नियम आहे एक-तृतीयांशाचा: एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचं नाही.

हा नियम पाळायचा तर ‘दर शनिवारी’ हे वेळापत्रक आपोआप मोडतं. फेस्क्यू तीन इंचांवर ठेवायचं असेल, तर ते साडेचार इंच झालं की कापायचं. एप्रिलमध्ये ते पाच दिवसांत होईल, जुलैमध्ये कदाचित तीन आठवड्यांत. बर्म्युडा एक इंचावर ठेवायचं असेल, तर दीड इंच होताच कापावं लागेल, आणि भर उन्हाळ्यात ते तीन-चार दिवसांत होतं. बारीक लॉन देखणं दिसतं, पण त्याची चाकरी दुप्पट असते.

मोवरच्या दांड्यावरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. अनेक मोवरवर ते नुसते क्रमांक असतात, इंच नव्हेत. सपाट ड्राइव्हवेवर मोवर उभा करा, इंजिन बंद आणि प्लग काढलेला (बॅटरीचा असेल तर बॅटरी बाहेर), आणि जमिनीपासून मोवरच्या पात्याच्या धारेपर्यंत पट्टीने मोजा. धारही तेव्हाच तपासा. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दोन दिवसांनी सगळ्या लॉनवर पांढुरकी, तपकिरी झाक दिसली तर पाणी वाढवायच्या आधी पात्याला धार लावून घ्या.

फेस्क्यूचं वर्ष

फेब्रुवारी संपता संपता ते जागं होतं. मार्च ते मे हा त्याचा सुगीचा काळ, तीन ते साडेतीन इंचांवर नेमाने कापायचं. जून लागला की मोवर वर उचलायचा, साडेतीन ते चार इंचांपर्यंत. उंच पाती स्वतःच्या बुडाशी सावली करतात, माती कमी तापते, मुळं खोल राहतात. शिवाय क्रॅबग्रास नावाचं जे उन्हाळी तण इथे सगळ्यांना छळतं, त्याच्या बियांना उजेड मिळत नाही. ओल्या गवतावर या दिवसांत मोवर घालू नका. उबदार दमट रात्रींत फेस्क्यूला ‘ब्राउन पॅच’ नावाची बुरशी लागते, आणि लागण झालेल्या ओल्या लॉनवर मोवर फिरवला की ती मोवरबरोबर पसरते. पाऊस नसेल आणि गवत निपचित पडलं असेल, तर कापूच नका. ते झोपलेलं आहे.

सप्टेंबर हा फेस्क्यूचा खरा नववर्षारंभ. उन्हाळ्यात मेलेल्या जागी जमीन भोसकून मोकळी करायची आणि बी पेरायचं. नवी रोपं साडेचार इंचांच्या आसपास आली की पहिली कापणी, तीही धारदार पात्याने आणि जमीन कोरडी असताना. नाहीतर कोवळी रोपं मुळांसकट उपटून येतात. मग नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत, कधी त्यापुढेही, कापणी चालू राहते. हिवाळ्याआधी शेवटचं म्हणून एकदम बारीक करायची गरज नाही.

बर्म्युडाचं वर्ष

हिवाळाभर मोवरला सुट्टी. कडाक्याच्या थंडीची भीती सरली की, इथे साधारण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, एकदाच ते अगदी खाली कापून सुकलेला पेंढा काढून टाकतात, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचतं आणि गवत लवकर हिरवं होतं. शेजाऱ्याची ही कापणी बघूनच नव्या लोकांची फसगत होते. त्याने जमिनीलगत कापलं, म्हणून हेही आपलं फेस्क्यू तसंच कापतात, तेही वर्षातल्या सर्वांत मोलाच्या महिन्यात. मे ते ऑगस्ट एक ते दोन इंच. सप्टेंबरमध्ये अर्धा इंच वाढवायचं, म्हणजे थंडीत बुडाला पांघरूण राहतं. पहिलं दहिवर पडलं, रंग गेला, की संपलं.

झॉयशियाही याच वळणाचं आहे, फक्त संथ, त्यामुळे त्याला कापणी कमी लागते.

“महिनाभर भारतात चाललोय, बारीक कापून जाऊ का?”

हा प्रश्न आमच्यातल्या प्रत्येक घरात जूनमध्ये विचारला जातो. मुलांची शाळा सुटते आणि विमानं भरतात. आम्हीही एका जूनमध्ये निघायच्या आदल्या दिवशी फेस्क्यू दीड इंचावर उतरवलं होतं, आल्यावर जंगल नको म्हणून. पाच आठवड्यांनी परतलो तेव्हा दक्षिणेकडचा सगळा उतार मेला होता आणि त्यावर क्रॅबग्रास आडवं पसरलं होतं. ते भरून यायला दोन शरद गेले. आज कळतं की आम्ही त्याची चूल नेमकी दुष्काळाच्या तोंडावर मोडली होती.

फेस्क्यू असेल तर उंच ठेवून जा. जून-जुलैत त्याची वाढ मंदावलेलीच असते. एखाद्या ओळखीच्या मुलाला पंधरा दिवसांनी एकदा, चार इंचांवर, कापायला सांगितलं तरी पुरतं. बर्म्युडा असेल तर मात्र माणूस ठेवावाच लागेल, कारण हाच त्याच्या वाढीचा मोसम, आणि गवत फार वाढलं की वसाहतीच्या संस्थेकडून किंवा गावाकडून पत्र येतं. परत आल्यावर गवत गुडघाभर झालं असेल तरी एका दिवसात खाली आणू नका. मोवर सर्वांत वरच्या खाचेवर, मग तीन-चार दिवस थांबून एक खाच खाली, असं उतरत या.

“कापलेलं गवत उचललं नाही तर कुजणार नाही का?”

कुजेल, आणि तेच हवं आहे. कापलेल्या पात्यात बहुतांश पाणी असतं; ते काही दिवसांत विरून जातं आणि वर्षभरात लागणाऱ्या नत्राचा पाव हिस्सा तरी मातीला परत मिळू शकतो. लॉनखाली जो जाड स्पंजासारखा थर साठतो, ज्याला ‘थॅच’ म्हणतात, तो मेलेल्या खोडांचा, धुमाऱ्यांचा आणि मुळांचा असतो, पात्यांचा नव्हे. फक्त ढीग पडले असतील तर ते पसरा किंवा उचला, नाहीतर त्यांच्याखालचं गवत गुदमरतं. शेतात पालापाचोळा गाडणारी आपली माणसं हे ऐकून लगेच मान डोलावतात. पिशव्या भरून रस्त्याकडेला ठेवायची सवय मात्र इथे आल्यावर लागते.

“मे महिन्यात कापूच नका, असं म्हणतात ना?”

‘नो मो मे’ ही हाक ब्रिटनमधल्या प्लँटलाइफ या संस्थेने २०१९ मध्ये दिली. मधमाश्यांसाठी मे महिनाभर गवतातली रानफुलं फुलू द्यायची, ही त्यामागची कळकळ. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या ॲपल्टन शहराने ती उचलली. कळकळीबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण ब्रिटन आणि विस्कॉन्सिन म्हणजे हा मधला पट्टा नव्हे. इथे मधमाश्या मार्चपासूनच बाहेर असतात. आणि मे महिनाभर न कापलेलं फेस्क्यू तुऱ्यावर येतं; मग जूनच्या पहिल्या उन्हात ते खाली आणायचं म्हणजे दोन-तृतीयांश पाला एका फटक्यात, तोही सर्वांत वाईट मुहूर्तावर.

याहून चांगली वाट मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला घरगुती अंगणांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. दर आठवड्याला, दोन आठवड्यांनी आणि तीन आठवड्यांनी कापलेल्या लॉनची तुलना केली, तेव्हा सर्वांत जास्त मधमाश्या दोन आठवड्यांनी कापलेल्या लॉनवर सापडल्या. फेस्क्यूमध्ये पांढरं क्लोव्हर, म्हणजे पांढऱ्या फुलांचं एक बुटकं रानरोप, राहू दिलं, मोवर उंच ठेवला आणि उन्हाळ्यात कापणीतलं अंतर वाढवलं, तर गवत आणि मधमाश्या दोघांचंही भलं होतं. मागच्या अंगणाचा एखादा कोपरा वर्षभर न कापता सोडला तर आणखी उत्तम.

पट्टा सरकतो आहे

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये झाडांच्या थंडी सोसण्याचा नवा नकाशा काढला. २०१२ च्या नकाशाशी तुलना करता देशाचा जवळपास अर्धा भाग पुढच्या, जास्त उबदार टप्प्यात गेला आहे. तो नकाशा हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाचा आहे, उन्हाळ्याचा नव्हे. पण उन्हाळी गवताची उत्तरेकडची हद्द मुख्यतः हिवाळाच आखत असतो. त्यामुळे जिथे बर्म्युडा थंडीत मरायचं तिथे ते आता तग धरू लागेल, आणि फेस्क्यू ठेवायचा हट्ट असेल तर दर सप्टेंबरला बी पेरायची तयारी हवी.

नवं लॉन लावणाऱ्याला मी एवढंच विचारते: दिवसातून सलग किती तास थेट ऊन येतं? सहा-सात तासांहून जास्त असेल तर बर्म्युडा किंवा झॉयशिया. ओक किंवा मॅपलची सावली असेल तर बर्म्युडा तिथे विरळ होत जाईल, फेस्क्यूच बरं. आमच्याकडे पुढे सावली आहे, मागे ऊन, म्हणून पुढे फेस्क्यू आणि मागे आता बर्म्युडा. मोवर एकच, पण मधे थांबून उंची बदलते.

मागच्या कुंपणालगत हातभर रुंद पट्टी आम्ही जुलैपासून कापत नाही आणि तिथे कसली फवारणीही करत नाही. भाद्रपदात तिथल्या दूर्वा छान कोवळ्या, तीन पानांच्या मिळतात. फेस्क्यूवाल्या चार घरांतली मंडळीही चतुर्थीच्या सकाळी त्यासाठी येतात, आणि वडील इथे असले की खाली बसून, एकवीस-एकवीस मोजून, जुड्या तेच बांधून देतात.